तुंबलं कुठे, ते आधी शोधा



आज मी जो विषय घेऊन आले आहे तो चारचौघींत कुणी काढत नाही. तुंबलेला संडास. हा कार्यक्रम जेवायच्या वेळेला लागत नाही ना, हे मी केंद्रावर आधी विचारून घेतलं आणि मगच बोलायला बसले.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आली चार मजली बिल्डिंग? खरं आहे. पण जावळी, पाटण, खटाव, शिराळा या बाजूची किती माणसं नवी मुंबईत आहेत ते जरा आठवा. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात गोण्या वाहणारे माथाडी बहुतेक आपल्याच घाटावरचे. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. १९८० नंतर मुंबईतला घाऊक बाजार हळूहळू खाडीपलीकडे आला आणि त्याच्यामागून कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथे आपल्या माणसांची घरं झाली. आज तिथे तुमची लेक राहते, सून राहते, नाहीतर धाकट्या जावेचा संसार असतो. मीही त्यातलीच. लग्न होऊन कोपरखैरण्याला गेले, आणि आता आमच्या बिल्डिंगच्या कमिटीत काम करते.

गावात ज्याचा संडास त्याचा खड्डा. भरला तर त्याचा भरतो, वास आला तर त्यालाच येतो. बिल्डिंगमध्ये तसं नसतं. एका बाजूच्या सगळ्या मजल्यांचे संडास एकाच उभ्या पाइपाला जोडलेले असतात, आणि असे सगळे उभे पाइप खाली जमिनीतल्या एका लाइनला. चौथ्या मजल्यावरच्या सुनेने भांड्यात फडकं टाकलं, तर तिच्या घरात काहीच होत नाही. ते फडकं खाली जाऊन अडकतं आणि घाण वर येते ती तळमजल्याच्या घरात. जिने करतंय ती वर, जिला भोगायचंय ती खाली. त्यामुळे भांडण ठरलेलं. वरची म्हणते, माझा संडास तर छान चालतोय. खालची म्हणते, मी काय केलंय? खोटं दोघीही बोलत नसतात.

म्हणून भांडायच्या आधी, प्लंबरला पैसे द्यायच्या आधी, आणि कुणा गरिबाला चेंबरमध्ये उतरवायचा विचार तर मनातही आणायच्या आधी, तुंबलं कुठे ते शोधायचं. ते शोधायला शिक्षण लागत नाही. पाणी कुठल्या वाटेने जातं एवढं माहीत असलं की पुरे.

ही वाट आता आपण भांड्यापासून रस्त्यापर्यंत चालत जाऊ.

संडासाच्या भांड्याखाली पाइप सरळ उतरत नाही. तो हत्तीच्या सोंडेसारखा वळून पुन्हा थोडा वर येतो आणि मग खाली जातो. या वळणाला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम दोन इंच पाणी उभं राहतं. ते पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधलं दार. खालची घाण हवा, झुरळं त्या पाण्यामुळे वर येऊ शकत नाहीत. न्हाणीघरात जाळीखाली असाच एक वाटीसारखा ट्रॅप असतो, प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात.

ट्रॅपमधून पाइप भिंतीबाहेर पडतो आणि डक्टमधल्या उभ्या पाइपाला मिळतो. डक्ट म्हणजे दोन घरांच्या मागची ती अरुंद, अंधारी जागा, जिथे वरून पडलेले टॉवेल आणि चमचे सापडतात. जुन्या सिडकोच्या बिल्डिंगींत हे पाइप बिडाचे असतात, नंतरच्यांत पीव्हीसीचे. बऱ्याच ठिकाणी दोन उभे पाइप दिसतील, एक संडासाचा आणि दुसरा न्हाणी-मोरीचा. मोरीचा पाइप खाली गल्ली ट्रॅपमध्ये सुटतो आणि तिथून चेंबरमध्ये जातो. संडासाचा सरळ चेंबरमध्ये जातो. हाच उभा पाइप वर गच्चीच्याही वर गेलेला असतो, डोक्यावर जाळीची टोपी घालून. ती टोपी कशासाठी, ते पुढे सांगते.

खाली जमिनीत एका चेंबरमधून दुसऱ्या चेंबरमध्ये, असं करत पाणी गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत येतं आणि मग रस्त्याखालच्या मोठ्या लाइनला मिळतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शहर वसू लागलं तेव्हाच जमिनीखालून मलवाहिन्या टाकल्या गेल्या. १९९२ पासून महापालिका आहे, आणि पुढे ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने तिच्याकडे आली. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीवर भराव टाकून केलेला, सपाट. घाण पाणी आपल्या उतारावर फार लांब जाऊ शकत नाही. म्हणून ते आधी पंपिंग स्टेशनला जातं, तिथून पंपाने मलशुद्धीकरण केंद्रात. पंप बंद पडला तरी लाइन भरते.

आता तुंबलं की पहिला प्रश्न विचारायचा, एकटीचं की सगळ्यांचं? फक्त तुमच्याच घरात पाणी उतरत नसेल, वर-खाली सगळं ठीक असेल, तर बोळा तुमच्या ट्रॅपमध्ये किंवा भिंतीतल्या तुकड्यात आहे. हे सगळ्यांत सोपं. रबरी पंप घ्यायचा, भांड्यात त्याची वाटी बुडेल एवढं पाणी ठेवायचं, आणि हळू दाबून जोरात वर ओढायचं. लोक फक्त दाबतात, त्याने बोळा आणखी आत जातो. काम ओढण्याने होतं. पंधरा-वीस वेळा करून पाहा, नाहीच तर प्लंबरची लवचिक स्प्रिंग. उकळतं पाणी ओतू नका, चिनी मातीचं भांडं तडकतं.

आणि ॲसिड ओतू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण दुकानदार हातात पहिली बाटली तीच देतो. ॲसिडने कपडा विरघळत नाही, पॅड विरघळत नाही. ते बोळ्यावर तसंच साचून राहतं, सिमेंटचे सांधे आणि बिडाचा पाइप खात बसतं, आणि नंतर कुणी पंप मारला की तोंडावर उडतं. त्यातच आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू होतो. बंद संडासात तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

दुसरी तऱ्हा. तुमचं तुंबलंय, तुमच्या वरच्यांचंही पाणी हळू जातंय, पण खालच्या मजल्यावर सगळं ठीक. म्हणजे बोळा उभ्या पाइपात आहे. कुठल्या मजल्यावर? तेही पाणीच सांगतं. समजा दुसऱ्या मजल्यावर घाण वर येते आणि पहिल्या मजल्यावर संडास नीट चालतो, तर बोळा त्या दोन मजल्यांच्या मधे. बिडाच्या पाइपाला वळणावर नटबोल्टने बसवलेलं झाकण असतं, त्याला डोअर बेंड म्हणतात. ते उघडून तिथूनच साफ करता येतं. भिंत फोडायला निघालेल्या प्लंबरला आधी विचारा, डोअर बेंड पाहिलं का? पुष्कळदा त्यावर रंगाचे चार थर बसलेले असतात आणि कुणाला ते दिसतच नाही.

तिसरी तऱ्हा तळमजल्याची, आणि ही सगळ्यांत वाईट. आमच्या बिल्डिंगमध्ये एका जूनमध्ये तळमजल्यावरच्या काकूंच्या संडासात पाणी चढायला लागलं. त्यांनी तीन दिवस स्वतः उपसलं. प्लंबर दोनदा आला, दोनदा भांड्यात स्प्रिंग घातली, दोनदा पैसे घेतले. जिन्यात कुजबूज सुरू झाली की यांच्या घरात माणसं जास्त, टाकत असतील काहीतरी. काकूंनी एक गोष्ट मात्र बरोबर हेरली होती. त्या म्हणाल्या, माझ्या घरात कुणी पाण्याला हातसुद्धा लावला नाही तरी सकाळी सहा ते आठ पाणी चढतं, आणि वर कुणाचं कपड्याचं मशीन सुटलं की भांड्यात गुडगुड होते. तिसऱ्या मजल्यावर मशीन सुटलं की खाली संडास बोलतो, यात सगळं उत्तर आहे. जे पाणी चढत होतं ते त्यांचं नव्हतंच. सोळा घरांचं होतं, त्याला पुढे जायला वाट नव्हती म्हणून ते सगळ्यांत खालच्या भांड्यातून वर येत होतं. त्यांच्या भांड्यात कितीही स्प्रिंग घातली तरी काय होणार?

अशा वेळी चेंबर बघायचे. हे काम कमिटीच्या दोन माणसांनी मिळून, दिवसाउजेडी, लोखंडी हुक घालून करायचं. पोरांना लांब ठेवायचं. झाकण उघडलं की लगेच वाकून बघायचं नाही, आणि जवळ काडी ओढायची नाही, बिडी तर नाहीच. गेटकडून सुरुवात करा. गेटजवळचा चेंबर रिकामा, त्याच्या आतला रिकामा, त्याच्या आतला काठोकाठ भरलेला. थांबा. भरलेला चेंबर आणि त्याच्या पुढचा रिकामा चेंबर, बोळा या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. शेतात पाटाला पाणी सोडलं आणि ते शेवटच्या वाफ्याला पोहोचलं नाही, तर आपण तेच करतो की. ओलं कुठे संपतं आणि कोरडं कुठे सुरू होतं ते बघतो, उंदराचं बीळ तिथेच असतं.

आणि गेटजवळचा चेंबरही भरलेला असेल, रस्त्यावरच्या मॅनहोलमधूनही पाणी वर येत असेल, तर दोष तुमच्या बिल्डिंगचा नाही. तिथे खाजगी माणसाला पैसे देऊन काही उपयोग नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयात तक्रार द्या, लेखी, आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. नुसतं फोनवर सांगून आलेल्या तक्रारीला मागचा-पुढचा कुणी विचारत नाही. कुंपणाच्या आतली लाइन कुणी साफ करायची यावरून सिडकोच्या जुन्या वसाहतींत वाद जुनेच आहेत. साधारण रीत अशी की आतलं सोसायटीचं आणि बाहेरचं पालिकेचं. तक्रार देताना कुठला चेंबर भरला आणि कुठला रिकामा हे लिहून दिलं तर ही टोलवाटोलवी बरीच कमी होते.

काकूंच्या वेळी भरलेला आणि रिकामा चेंबर सापडायला अर्धा तास लागला. मधल्या पाइपातून जे निघालं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. जुन्या साडीचा तुकडा, लहान मुलांचे दोन डायपर, पिंपळाच्या मुळांची जटा, आणि पॅड. पुष्कळ पॅड.

ते निघाले तेव्हा भोवती उभे असलेले पुरुष दुसरीकडे बघायला लागले, आणि खिडक्यांतल्या बायका आत गेल्या. त्यावर सभेत कुणी अक्षर काढलं नाही. पुढच्या नोटिशीत लिहिलं, 'संडासात अयोग्य वस्तू टाकू नयेत.' अयोग्य वस्तू म्हणजे काय, ते ज्या मुलीला कळायला हवं तिला त्या शब्दाने काय कळणार? गावाकडून नवीन लग्न होऊन आलेली पोर, एका खोलीत सासू-सासरे, दीर. पॅड बाहेरच्या डब्यात टाकायला तिला लाज वाटते. फ्लश ओढला की गेलं, असं तिला वाटतं. ते जात नाही. पॅडच्या आत पाणी शोषणारी पावडर असते, तिची फुगून जेली होते. कागद विरघळतो तसा पॅड विरघळत नाही. तो पाइपाच्या पहिल्या खरखरीत सांध्याला अडकतो, मग त्याला केस अडकतात, केसांना स्वयंपाकघरातलं थिजलेलं तूप-तेल.

म्हणून लेकीला सासरी पाठवताना हे तोंडाने सांगा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल खूण करायची आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. कचरा वेचणाऱ्या बाईलाही त्या खुणेमुळे हात घालायच्या आधी कळतं. आणि सासूबाईंनी संडासात झाकणाचा एक छोटा डबा ठेवावा. तो नसेल तर नुसत्या नोटिशी लावून काही होत नाही. सोसायटीच्या कमिटीत बायकांसाठी राखीव जागा असतात. त्या नुसत्या सहीपुरत्या भरू नका. हा विषय सभेत नाव घेऊन काढायला बाईच लागते.

आता ती गुडगुड आणि गच्चीवरची टोपी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, कारण आत हवा जाते. उभ्या पाइपालाही वरून हवा लागते. ती टोपी म्हणजे दुसरं भोक. तिच्यात कबुतराने घरटं केलं, किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना कुणी पाइपाचं तोंडच सिमेंटने बंद केलं, तर वरून पाणी जोरात उतरताना पाइप तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो. मग गुडगुड होते, दोन इंचाचं दार उघडं पडतं आणि घरभर वास. अशा वेळी भांडं घासून काही होणार नाही, कुणालातरी गच्चीवर पाठवा.

वासाचं आणखी एक कारण आपल्या लोकांचं खास. मे महिन्यात सगळे गावाला येतात. यात्रा, लग्नं, आंबे, महिना-दीड महिना घर बंद. परत जाऊन कुलूप उघडलं की वास, आणि न्हाणीत झुरळं. लोक समजतात लाइन फुटली. काही फुटलेलं नसतं. उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी आटून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत आणि भांड्यात एकेक बादली पाणी ओता, तासाभरात वास कमी होईल. निघताना न्हाणीच्या जाळीत पाणी भरून वर दोन चमचे खायचं तेल सोडलं तर ते तरंगतं आणि पाणी लवकर आटत नाही.

गळतीबद्दल थोडक्यात. खालच्या घराच्या छताला ओल आली की ती कायम वरच्या संडासाचीच असते असं नाही. वरच्या न्हाणीत रंग कालवलेलं पाणी सोडा आणि खाली रंग उतरतो का बघा. उतरला तर घरातली गळती, तिचा खर्च त्या घरवाल्याचा. बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती असेल तर खर्च सोसायटीचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच तसं आहे, त्यामुळे जिन्यात उभं राहून ओरडायचं कारण नाही.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट बघाच. पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आणि मैलापाण्याची लाइन वेगळी असते. पावसाचं पाणी खाडीकडे जातं. नवी मुंबईत त्यासाठी धारण तलाव केलेले आहेत. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून त्यांची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी तेवढा वेळ तलावात थांबतं. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की आवारात पाणी साचतं. मग कुणीतरी हुशार माणूस मैल्याच्या चेंबरचं झाकण उघडतो, पाणी जाऊ दे म्हणून. तेवढ्या पाण्यासाठी ती लाइन केलेलीच नसते. ती भरते, आणि तळमजल्याच्या संडासातून कारंजं उडतं. त्याहून वाईट म्हणजे साचलेल्या पाण्याखाली उघडं भोक कुणाला दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर घरी चालत जाताना अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये पडले. नावाजलेले पोटविकारतज्ज्ञ होते. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम आले ते सांगते.

बोळा सापडला, की सभेत कुणीतरी म्हणतं, नाक्यावरून एक माणूस आणू, उतरेल आणि अर्ध्या तासात काढून देईल. स्वस्तात काम होतं. तो माणूस येतो, अंगात चड्डी-बनियन, कमरेला दोरी असली तर असली. आणि आपण नाकाला पदर लावून खिडकीतून बघतो.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीत सेप्टिक टाकी साफ करायला गेलेले तीन मजूर आत गुदमरून मेले. तिघांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे पावणेदोन वर्षं, आणि तेही दावा लावल्यावर. गोवंडी वाशीपासून लांब नाही, खाडीपूल ओलांडला की मानखुर्द आणि पुढचं गोवंडीच.

माणूस मरतो कसा, ते समजून घ्या. बंद चेंबरमध्ये, टाकीत मैला कुजतो तिथे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होतो. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. एक-दोन श्वासांत तो खाली कोसळतो. त्यात मिथेन असतो, तो पेट घेतो, आणि प्राणवायू तर नसतोच. म्हणून मेणबत्ती सोडून बघायची जुनी युक्ती इथे जिवावर बेतू शकते.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. पेवाचं तोंड उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ देत. पण पेवात आणि चेंबरमध्ये एक फरक आहे. चेंबर चार तास उघडा ठेवला तरी भरवसा नाही. खालचा गाळ पायाने ढवळला गेला की त्यात कोंडलेला वायू नव्याने वर येतो. म्हणूनच 'सकाळपासून झाकण उघडं ठेवलंय' हे ऐकून कुणाला उतरू देऊ नका.

आणि एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. अशा कितीतरी बातम्यांत मरणारे दोन-तीन असतात ते यामुळेच. भाऊ भावामागे उतरतो. कुणी आत पडलंच तर वरून आरडाओरडा करा, १०१ ला अग्निशमन दलाला किंवा ११२ ला फोन करा, पण कुणालाही आत जाऊ देऊ नका. हे ऐकायला कठोर वाटतं, पण दुसरा गेला तर पहिल्याला वाचवायला कुणीच उरत नाही.

कायद्याचं सांगते. २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टाकीत माणसाला असं धोक्यात उतरवायला बंदी आहे. ही बंदी महापालिकेला आहे, ठेकेदाराला आहे आणि तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'तो स्वतःहून उतरला' हे उत्तर चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. चेंबर साफ करण्याची अधिकृत मदत मागण्यासाठी आणि कुणी माणूस उतरवत असेल तर कळवण्यासाठी १४४२० हा क्रमांक आहे. तो जिन्याखाली मीटरच्या खोलीवर रंगाने लिहून ठेवा.

मग काम करायचं कसं? वरून. जेटिंगची गाडी पाण्याच्या जोराने लाइन फोडते, सक्शनची गाडी गाळ ओढून घेते. विभाग कार्यालयात चौकशी करा, खाजगी गाड्याही मिळतात. आमच्यासारख्या लहान लाइनीला बहुतेक वेळा लांब रॉड किंवा बांबूच्या पट्ट्या वरूनच घालून भागतं. काकूंच्या वेळीही तसंच झालं. खर्च थोडा जास्त आला. सभेत एकाने विचारलं, एवढे पैसे कशाला, माणूस पाचशेत उतरतो. त्यावर काकूच उठल्या. एरवी त्या सभेत बोलत नाहीत. म्हणाल्या, तुमचा मुलगा उतरवा, मी हजार देते. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तेव्हापासून आम्ही एक कागद करून ठेवलाय. बिल्डिंगभोवतीचे सगळे चेंबर, कुठला कुठे जातो, शेवटचा कुठला. वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, पावसाच्या आधी सगळी झाकणं उघडून बघतो आणि लाइन धुऊन घेतो. एका चेंबरवर कुणीतरी तुळशीवृंदावन बांधलं होतं, ते सरकवायला चार सभा लागल्या. तुळशीला हात कसा लावायचा म्हणून. शेवटी एका आजीनेच पूजा करून कुंडी उचलली.

एका गटाने केंद्रावर चिठ्ठी पाठवून विचारलंय की आमचा दोन खड्ड्यांचा संडास पावसाळ्यात तुंबतो, काय करावं? त्यांनी आधी दोन्ही खड्ड्यांच्या मधली छोटी टाकी उघडून बघावी, जिथे पाइपाला दोन फाटे फुटतात. पुष्कळ घरांत गवंड्याने दोन्ही फाटे उघडेच ठेवलेले असतात आणि दोन्ही खड्डे एकदम भरतात. एक फाटा वीट आणि मातीने बंद करायचा. आंघोळीचं, कपड्याचं पाणी खड्ड्यात सोडायचं नाही, त्यासाठी वेगळा शोषखड्डा करायचा. खड्ड्याच्या तळाला सिमेंट केलं असेल तर पाणी मुरणारच नाही. तळ मातीचा हवा आणि भिंतीच्या विटांत भोकं हवीत. पावसात जमिनीतलं पाणीच वर आलेलं असेल तर काही दिवस ते सावकाशच मुरणार, तेवढे दिवस पाणी बेताने वापरायचं. फिनेल आणि ॲसिड तिथेही नको, मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात.

पहिला खड्डा भरला की फाटा बदलायचा आणि भरलेला खड्डा किमान वर्ष-दीड वर्ष तसाच झाकून ठेवायचा. झाकणावर तारीख लिहून ठेवा, नाहीतर घरात वाद होतो की नक्की कधी बंद केला. तेवढ्या काळानंतर आत काळी भुसभुशीत माती होते, तिला वास नसतो. ती फावड्याने काढून झाडांना घालता येते.